कच्चा डाख

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी एक खोड ठाऊक आहे. घरातली कोणतीही वस्तू बंद पडली, की ती दुकानात नेण्याआधी मी ती उघडून बसतो. मिक्सर, इस्त्री, पंख्याचा रेग्युलेटर, शिवणयंत्राची मोटार, या सर्वांच्या शस्त्रक्रिया या पानावर होऊन गेल्या आहेत. त्यांतले काही रोगी वाचले, काही दगावले. दिवाळी अंकासाठी जरा आनंदाचे लिहावे म्हणून यंदा मी खेळण्याचा विषय घेतला. लिहायला बसल्यावर लक्षात आले, की आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांत हीच मला महाग पडली आहे. पैशाचा खर्च म्हणाल तर पाच रुपयांचासुद्धा नव्हता.

गोष्ट गेल्या दिवाळीची. आमच्या घरात आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी प्लायवुडची एक फळी आहे आणि तिच्यावर आगगाडी धावते. नातू सहा वर्षांचा असताना आमच्या चिरंजीवांनी परदेशाहून येताना एक इंजिन, तीन डबे आणि गोल रूळ असा खोका आणला. ही गाडी 'एच. ओ.' मापाची, म्हणजे खऱ्याच्या १:८७ एवढी. तिच्या दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांना सत्त्याऐंशीने भागले की हाच आकडा येतो.

पहिली दोन वर्षे गाडी बिचारी गोल गोल फिरत होती. पुढे मी नातवाला पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय दाखवायला घेऊन गेलो. १९९८ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयातली गावे, पूल, सिग्नल आणि इकडून तिकडे धावणाऱ्या गाड्या पाहून पोरगा हरखून गेला. परतीच्या वाटेवर बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे एवढंच एक कडं का?" झाले! त्या दिवसापासून आमच्या घरी रूळ वाढले, सांधे आले, स्टेशन आले आणि सौ.च्या मते घरातली चालायची जागा गेली.

गेल्या दिवाळीत नातवाने नवी टूम काढली. यंदा किल्ला अंगणात न करता रेल्वेच्या फळीवर करायचा आणि गाडी त्याच्या पाठीमागून न्यायची! सौ. म्हणाली, "अरे, महाराजांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आगगाडी? आपल्याकडची पहिली गाडी १८५३ साली धावली." दहा वर्षांच्या त्या इतिहासकाराने शांतपणे उत्तर दिले, "आजी, पर्यटक येतात ना किल्ला बघायला. ते कशाने येणार?" यावर आमच्यापैकी कोणाजवळ उत्तर नव्हते.

फळीवर प्लास्टिक आणि गोणपाट अंथरून त्याने चार दिवस खपून किल्ला उभा केला. दरवाजा, तटबंदी, बालेकिल्ला, आणि मागच्या रुळांवर किंचित झुकलेला एक देखणा बुरूज. उतारावर अळीव पेरले. ते उगवावेत म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका सुरू झाला.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी सोसायटीतली सात-आठ मुले जमली. नातवाने दोन नवे डबे जोडले होते. त्यांच्या आत इवले इवले दिवे होते आणि ते रुळांतूनच वीज घेत. गाडी दिमाखात स्टेशनातून निघाली, वळणावर वळली, किल्ल्याच्या मागे गेली आणि तिथेच अडली. मी बोटाने ढकलली, तशी पुढच्या वळणावर येऊन पुन्हा भरधाव सुटली. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीलाही तेच.

वाचकहो, इथे थोडे थांबून या गाडीची वीज कशी फिरते ते सांगायला हवे, नाहीतर पुढचा गुन्हा तुम्हाला उमगणार नाही. खऱ्या विजेच्या गाडीला वरून तार असते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून आपल्या डोळ्यांना ती तार सवयीची आहे. वीज वरच्या तारेतून येते आणि चाकांवाटे रुळांतून परत जाते. आमच्या खेळण्यात वर तार नाही. तिथे एक रूळ म्हणजे जाणारी तार आणि दुसरा रूळ म्हणजे येणारी तार. एका बाजूच्या चाकांनी वीज आत जाते, मोटार फिरवते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांनी बाहेर पडते. दाब अवघा १२ व्होल्टचा. दोन्ही रूळ कुठे एकमेकांना टेकले तर शॉर्ट, कुठे तार तुटली तर सारे थंड. दिवाळीच्या जुन्या माळा ज्यांनी दुरुस्त केल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात!

हे दोन्ही दोष सरळ स्वभावाचे असतात. शॉर्ट झाले की कंट्रोलर लगेच बोंब मारतो, तार तुटली की मीटर शून्य दाखवतो. तिसरा दोष मात्र लबाड असतो. तार जोडलेली दिसते, मीटरला वीज सापडते, आणि गाडी तेवढी चालत नाही.

आम्ही मीटर लावला. गाडी उचलून किल्ल्यामागच्या रुळांवर दोन टोके टेकवली. ११.८ व्होल्ट! म्हणजे वीज पोचते आहे. वायरिंग माझ्या हातचे, ते निर्दोष ठरले. मग उरले काय? मी रुळांकडे पाहिले. बुरुजाखाली ओल्या मातीचे दोन-चार कण पडले होते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये माती आली, की वीज अडते, हे पुस्तकातले वाक्य मला पाठ होते.

"पाणी शिंपडू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं तुला?" मी सगळ्या मुलांदेखत म्हणालो.

"आजोबा, मी तिकडे शिंपडलं नाही. आणि बघा ना, इंजिनाचा दिवा लुकलुकत नाहीये, नुसता मंद होतोय."

"मला शिकवू नकोस. तो बुरूज आधी उतरव. माती पडतेय त्याची."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग एक शब्दही न बोलता त्याने दोन्ही हातांनी बुरूज उतरवला. चार दिवसांचे काम दोन मिनिटांत घमेल्यात जमा झाले. मी स्पिरिटचा बोळा घेऊन रूळ आरशासारखे पुसले आणि गाडी सोडली. ती बरोबर त्याच जागी अडली.

मुले एकेक करून घरी गेली. नातू आतल्या खोलीत जाऊन पुस्तक घेऊन बसला. पुस्तक उलटे होते, असे सौ.ने मला नंतर सांगितले. त्या वेळी ती एवढेच म्हणाली, "अहो, गाडी नाही चालली तरी दिवाळी होते. पोर रुसलं तर होत नाही."

संध्याकाळी मी एकटाच त्या फळीपाशी बसलो होतो. मनात नातवाचे वाक्य घोळत होते. दिवा लुकलुकत नाही, मंद होतो. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. रुळांवर घाण असेल तर चाकाचा संपर्क सुटतो-जुळतो, सुटतो-जुळतो. गाडी गचके खाते आणि दिवा लुकलुकतो. आमची गाडी गचके खात नव्हती. किल्ल्यामागच्या अडीच फुटांत शिरताच ती सावकाश मरगळत होती. याचा अर्थ तिथे वीज सलग पोचत होती, पण अपुरी. पोराने रोगाचे अचूक निदान केले होते आणि मी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

मग मीटरने ११.८ कसे दाखवले? याचे उत्तर आपल्या नळात आहे. पाइपात कचरा अडकला असला, तरी तोटी बंद असेपर्यंत दाब पुरा असतो. तोटी उघडली की करंगळीएवढी धार. मीटर जवळपास काहीच वीज ओढत नाही, म्हणजे तो बंद तोटीवरचा दाब मोजतो. इंजिन वीज ओढू लागले म्हणजे तोटी उघडली. वाटेत कुठे अडचण असेल, तर जितकी वीज जास्त ओढावी तितका दाब त्या अडचणीतच खर्च होतो. भार नसताना सगळ्याच तारा प्रामाणिक दिसतात.

मी आतल्या खोलीच्या दाराशी गेलो. "जरा टॉर्च धरायला येतोस का?" म्हणालो. तो आला, पण बोलला नाही.

मोटारगाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा एक बल्ब माझ्या खोक्यात होता. त्याला दोन लांब वायरी जोडल्या. हा आमचा नवा मीटर. हा वीज ओढतो, म्हणून खोटे बोलत नाही. कंट्रोलरच्या तोंडाशी लावला, लख्ख पेटला. किल्ल्यामागच्या रुळांना लावला, तर समईच्या शेवटच्या वातीसारखा लालसर. आता त्याच जागी मीटर लावून पाहिला. बल्ब जळत असताना जेमतेम ४ व्होल्ट! बाकीचे जवळजवळ ८ वाटेत कुठेतरी गडप होत होते.

वाट लांब होती. कंट्रोलरपासून बटणापर्यंत, बटणापासून फळीखालच्या कनेक्टर पट्टीपर्यंत, तिथून लांब वायर आणि शेवटी रुळाला दिलेला डाख. किल्ल्यामागचा तुकडा मी दोन्ही टोकांना प्लास्टिकचे जोड घालून वेगळा केला होता, दुसरे इंजिन तिथे उभे करून ठेवता यावे म्हणून. त्यामुळे त्याला वीज मिळायची ती या एकाच वाटेने.

मी पहिल्या टोकापासून एकेक जोड तपासायला लागलो, तेव्हा नातवाने तोंड उघडले. "मधोमध लावून बघा ना. तो नंबर ओळखायचा खेळ असतो तसं."

खेळ तुम्हालाही ठाऊक असेल. एक ते सोळापैकी आकडा मनात धरायचा. 'आठापेक्षा मोठा का?' असे विचारत दर वेळी निम्मे आकडे बाद केले, की चार प्रश्नांत आकडा सापडतो. एकेक आकडा विचारत गेलात तर पंधरा प्रश्नांची तयारी ठेवा. बिघाड शोधण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही, आणि ती मला दहा वर्षांच्या मुलाने ऐन वेळी आठवून दिली.

मधोमध म्हणजे कनेक्टर पट्टी. बल्ब तिथे लख्ख. कंट्रोलर, बटण आणि पहिली वायर अशी अर्धी मंडळी एका झटक्यात निर्दोष सुटली. आता उरल्या पट्टीपासून रुळांपर्यंतच्या दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. बल्बचे एक टोक पट्टीच्या काळ्या खुंटीला आणि दुसरे लाल वायरीच्या रुळाला लावले. लख्ख! म्हणजे लाल वायर ठीक. मग उलट केले. एक टोक पट्टीच्या लाल खुंटीला, दुसरे काळ्या वायरीच्या रुळाला. बल्ब मरगळला.

"काळी," नातू म्हणाला.

फळीखाली आम्ही दोघे आडवे झालो. फळीखालचे जग निराळेच असते. वर डोंगर, देऊळ, स्टेशनमास्तर. खाली नुसते तारांचे जंजाळ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एम. आय. टी. या संस्थेत विद्यार्थ्यांचा आगगाडी क्लब १९४६ साली निघाला. त्यात गाड्या रंगवणारा एक गट आणि फळीखालच्या वायरींत रमणारा दुसरा. या दुसऱ्या गटाने टेलिफोनचे जुने रिले जोडून सांधे आणि गाड्या चालवण्याची अजब यंत्रणा उभी केली. चातुर्याने केलेल्या अशा करामतीला ते 'हॅक' म्हणत. पुढे हीच मुले संगणकांकडे वळली आणि 'हॅकर' हा शब्द त्यांच्याबरोबर संगणकाच्या जगात गेला. आज हा शब्द चोरट्यांसाठी वापरतात. त्याचे बालपण मात्र आगगाडीच्या टेबलाखाली गेले आहे.

टॉर्चच्या उजेडात काळ्या वायरीचा डाख दिसला. चांगला डाख चकचकीत असतो आणि तारेला व रुळाला चिकटून पसरतो. हा करडा, खडबडीत आणि दाण्यासारखा गोल. मी वायर हलकेच पिळली, तर ती त्या दाण्यात फिरली. याला कच्चा डाख म्हणतात. कहिया पुरेसा तापला नसला आणि रूळ गरम व्हायच्या आधीच कथील टेकवले, की ते वर नुसते बसते, धरत नाही. श्रावणातल्या एका रविवारी जेवणाची दोनदा हाक आली म्हणून मी घाईघाईने हा डाख उरकला होता. तेव्हापासून तो तसाच तग धरून होता. एकटे इंजिन आणि साधे तीन डबे ओढायला लागणारी वीज त्यातून कशीबशी जात असे. त्या दिवशी दिव्यांचे दोन डबे जोडले, भार वाढला आणि डाखाने हात टेकले. नेमक्या त्याच दिवशी माती पडलेली दिसली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली आणि मी कावळ्याला धरले.

खरी रेल्वे या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणी आहे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने रुळांतूनच बारीकशी वीज फिरवून सिग्नल चालवायची युक्ती काढली. रूळ मोकळा असेल तर वीज एका रुळाने जाऊन दुसऱ्याने परत येते, रिले उचलून धरते आणि सिग्नल मोकळा मिळतो. गाडी आली की तिची चाके दोन रूळ जोडतात, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. यातली खुबी अशी, की तार तुटली, बॅटरी संपली किंवा रूळ भंगला, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. संशय आला तर ही यंत्रणा आधी स्वतःवर घेते. मी मात्र लाल दिवा नातवाला दाखवला होता.

"डाख कोणी दिला होता?" त्याने विचारले. उत्तर त्याला माहीत होते.

"मी," मी म्हणालो. फळीखाली आडवे पडून माणसाला फारसा रुबाब राखता येत नाही, त्यामुळे पुढचे शब्द जरा सोपे गेले. "चुकलं माझं. तुझं काही चुकलं नव्हतं. तू सांगत होतास ते बरोबर होतं."

तो काही बोलला नाही. टॉर्च मात्र नीट धरला, आधीपेक्षा जवळ.

वायर सोडवली, तांबे खरवडून उजळले, रूळ घासला, फ्लक्स लावले. कहिया पुरता तापेपर्यंत थांबलो, आधी रूळ आणि तार गरम केली आणि मग कथील टेकवले. ते पाण्यासारखे पसरले. गार होईपर्यंत वायर हलू दिली नाही. बल्ब लावला, लख्ख. गाडी सोडली. पाच डबे घेऊन ती किल्ल्यामागून सुसाट निघून गेली आणि इंजिनाचा दिवा कुठेही मंदावला नाही.

असली गाडी तुमच्या घरी नसेल, पण दिव्यांची माळ, दाराची घंटा, किल्ल्यावरचा बल्ब, काही ना काही असेलच. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. २३० व्होल्टच्या बाजूला, म्हणजे भिंतीतला प्लग, ट्रान्स्फॉर्मर आणि कंट्रोलरचा डबा यांना मुलांनी हात लावायचा नाही, आणि पाणी तर त्यांच्या जवळपास नको. रूळ पुसताना आणि डाख देताना प्लग काढून ठेवावा. मीटरवर विसंबण्याआधी एक बल्ब जोडून भार द्यावा. वाट लांब असेल तर मधोमध तपासावे, आणि सगळ्यात आधी आपल्या हातचे जोड पाहावेत.

धनत्रयोदशीला सकाळी मी नातवाला म्हणालो, "चल, बुरूज बांधू." तो म्हणाला, "तुम्ही बांधा. मी सांगतो कसा ते." मग सत्तरीला टेकलेला एक गृहस्थ गुडघ्यावर बसून माती कालवत होता आणि एक मुकादम खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता. माझा बुरूज दोनदा ढासळला. तिसऱ्यांदा उभा राहिला, जरासा वाकडा. मुकादमाने चारी बाजूंनी पाहून तो पास केला आणि वर एक मावळा नेऊन ठेवला.

संध्याकाळी सोसायटीतली मुले पुन्हा आली. गाडी पहिल्या फेरीला निघण्याआधी मी त्यांना सांगून टाकले, की परवा गाडी अडली ती माझ्या डाखामुळे, मातीमुळे नव्हे. मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांचे लक्ष डब्यांतल्या दिव्यांकडे होते. पण नातवाने कंट्रोलरचे बटण माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "आजोबा, पहिली फेरी तुमची."